सुट्टीचा प्रवास आणि घरातील मशवरा

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस असरच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक गृहस्थ मशिदीत मागे थांबले. सतरा वर्षांपासून ते कुवेतमध्ये नोकरीला आहेत. वर्षातून एकदा पाच-सहा आठवड्यांची रजा मिळते, तेवढाच काळ ते कोकणातल्या आपल्या घरी असतात. हातात कागदांची जाडसर फाइल होती.

"मौलाना, दोन मसले विचारायचे आहेत. मे महिन्यात घरच्यांना घेऊन आठ दिवस उझबेकिस्तानला जातोय. तिथे नमाज कसर पढायची की पूर्ण? आणि तिथले मांस खाता येईल का?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी दिली. फाइल मिटताना ते घुटमळले आणि म्हणाले, "तिसरी गोष्ट मसला नाही, पण मनात सलते आहे. मोठा मुलगा सोळा वर्षांचा आहे. तो म्हणतो, तुम्ही सगळे जा, मी नानीकडे राहतो. मग मी एवढा पैसा कोणासाठी खर्च करतोय?"

मी विचारले, "ठरवण्याआधी मुलांना विचारले होते का?"

"विचारायचे काय त्यात? त्यांच्यासाठीच तर आहे सगळे. त्यांना अचानक आनंद द्यायचा होता."

प्रिय वाचकहो, हा संवाद त्या गृहस्थांच्या परवानगीने येथे लिहीत आहे. मे महिना जवळ आला की आपल्या अनेक घरांत परदेश प्रवासाचे बेत होतात. पासपोर्ट, तिकिटे, हॉटेल यांची चौकशी महिनोन्‌महिने चालते. मात्र ज्या मुलांसाठी हे सारे केले जाते, त्यांचे मत घेण्याची आठवण शेवटी होते, किंवा होतच नाही. या लेखात प्रवासाचे अहकाम तर पाहूच, पण त्याआधी एक मूळ गोष्ट समजून घेऊ: वयात आलेल्या मुलांबरोबरच्या प्रवासाची खरी तयारी मशवऱ्यापासून सुरू होते.

पित्याने पुत्राला विचारले

पवित्र कुरआनच्या सूरह अश-शूरामध्ये (आयत ३८) श्रद्धावंतांचे गुण सांगताना नमाज आणि अल्लाहच्या मार्गातील खर्च यांच्यामध्येच परस्पर सल्लामसलतीचा उल्लेख आला आहे. हा गुण केवळ राज्यकारभारापुरता आहे असे समजणे ही आपली चूक. घर हीदेखील एक जमात आहे.

याहून स्पष्ट उदाहरण सूरह अस-साफ्फातमध्ये (आयत १०२) आहे. पुत्र वडिलांबरोबर धावपळ करण्याच्या वयाला पोहोचला, तेव्हा हजरत इब्राहीम (अ.) यांनी त्याला आपले स्वप्न सांगितले आणि या बाबतीत तुझे काय मत आहे, असे विचारले. नबींचे स्वप्न म्हणजे वह्य. तो अल्लाहचा आदेश होता. त्यात बदल होणार नव्हता. तरीही पित्याने पुत्राला विचारले. विचारल्यामुळेच पुत्राला स्वतःच्या तोंडून होकार देण्याची संधी मिळाली आणि ती आज्ञाधारकता त्याची स्वतःची झाली. न विचारता बांधून नेले असते, तर बलिदान फक्त पित्याचे ठरले असते.

जिथे आदेश अटळ होता तिथे एक नबी आपल्या मुलाचे मत विचारतो. आपण तर समरकंदला जावे की मलेशियाला, एवढ्या साध्या गोष्टीतही मुलांना विचारीत नाही. मग मुलगा नानीकडे राहतो म्हणाला, तर त्या नकारामागे काय आहे ते शोधायला हवे.

त्या गृहस्थांना मी एवढेच सुचवले की आज इशानंतर दस्तरखानावरच सर्वांना बसवा, फाइल मध्ये ठेवा आणि तुम्ही सर्वांत शेवटी बोला.

चार दिवसांनी ते पुन्हा भेटले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अब्बा, तुम्ही आलात की घरात सगळे तुमच्या वेळेवर चालते. मी कोणत्या शाखेत प्रवेश घेणार आहे, हे तुम्ही अजून विचारलेले नाही. आठ दिवस तिकडे नेऊन काय बोलणार आहोत आपण?" सांगताना त्या गृहस्थांचा आवाज भरून आला होता. चौदा वर्षांच्या मुलीने वेगळी गोष्ट मांडली: भावाबरोबर एका खोलीत तिला अवघडल्यासारखे होईल. दादींनी सांगितले की गुडघे साथ देत नाहीत, आपण फुफूंच्या घरी राहू. अर्ध्या तासात बापाला आपल्या घराविषयी जे कळले, ते सतरा वर्षांच्या फोनवरच्या बोलण्यात कळले नव्हते.

नियत आणि पैसा

सर्व कर्मांचा आधार नियत आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. प्रवासाला निघण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने स्वतःला विचारावे: आपण का जात आहोत? विश्रांती, नात्यांतील जवळीक, अल्लाहच्या सृष्टीचे दर्शन या सर्व चांगल्या नियती आहेत. सूरह अल-अनकबूतमध्ये (आयत २०) पृथ्वीवर फिरून निर्मितीचा आरंभ कसा झाला हे पाहण्यास सांगितले आहे. परंतु शेजारी दुबईला गेले म्हणून आपणही गेलेच पाहिजे, ही नियत प्रवासाची बरकत घालवते.

पैशाच्या बाबतीत तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, कुणाचे देणे मुदत संपूनही थकले आहे का? असल्यास त्याचा हक्क आधी. दुसरी, कुटुंबप्रमुखावर हज फर्ज झालेली असून ती अजून अदा झालेली नाही, असे तर नाही? हनफी मताप्रमाणे समर्थ व्यक्तीने ती विनाकारण लांबवू नये. शाफई मतात अदा करण्याचा पक्का इरादा ठेवून विलंबास वाव आहे. तरीही हजचा पैसा पर्यटनात संपवण्यापूर्वी दहादा विचार व्हावा. तिसरी, आधी प्रवास आणि मग व्याजासह हप्ते, अशा योजनांपासून दूर राहावे. सुट्टी ही व्याजावर घ्यावी अशी गरज नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत २६ व २७) नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचे हक्क सांगून लगेच उधळपट्टीची निंदा केली आहे. मागे राहणाऱ्या दादींच्या औषधांची व सोबतीची व्यवस्था हा प्रवासखर्चाचाच भाग समजावा.

हा हिशेब मुलांसमोर मांडावा. अब्बांच्या किती महिन्यांच्या कमाईतून विमानाची तिकिटे येतात, हे सोळा वर्षांच्या मुलाला कळले पाहिजे. ते उपकार म्हणून ऐकवू नये. घरातील विश्वासू माणसाला सांगावे तसे सांगावे.

जेथे जायचे तेथे काय पाहायचे

उझबेकिस्तानचेच उदाहरण पुढे नेऊ. मे महिन्याची निवड योग्य होती, कारण जून-जुलैत समरकंद आणि बुखारा येथे पारा चाळीस अंशांपर्यंत जातो.

किशोरवयीन मुले नुसत्या इमारती पाहून कंटाळतात. त्यांना गोष्ट हवी असते. समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन मदरसे समोरासमोर उभे आहेत. त्यांतील सर्वांत जुना १४२० मध्ये पूर्ण झाला. तो बांधणारा उलुग बेग हा तैमूरचा नातू. राज्यकर्ता असूनही त्याचा जीव खगोलशास्त्रात रमे. त्याने वेधशाळा उभारली आणि १४३७ मध्ये हजाराहून अधिक ताऱ्यांची सूची तयार केली. जयपूर व दिल्लीचे जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंहांनी आपल्या कोष्टकांसाठी याच सूचीचा आधार घेतला होता. विज्ञान शाखेकडे जाऊ पाहणाऱ्या मुलाला मदरसा आणि वेधशाळा यांचे हे नाते आपल्या डोळ्यांनी पाहू द्यावे.

बुखाऱ्यात सोळाव्या शतकातील मीर-ए-अरब मदरसा आहे. सोव्हिएत राजवटीत या देशातील बहुतेक मदरसे बंद पडले. हा मदरसाही बंद होता आणि १९४० च्या दशकात पुन्हा उघडला. ज्या पिढ्यांना उघडपणे दीन शिकता येत नव्हते, त्यांच्या नातवंडांना आज तिथे कुरआन शिकताना पाहणे, हा आपल्या मुलांसाठी कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठा धडा आहे.

कबरींच्या ठिकाणी गेल्यावर सलाम करावा, मगफिरतीची दुआ करावी, स्वतःच्या मृत्यूचे स्मरण ठेवावे. मागणे मात्र केवळ अल्लाहकडे, हे मुलांना तिथेच समजावून सांगावे.

प्रवासाचा अमीर

तिघे जण प्रवासाला निघाले तर त्यांनी एकाला अमीर नेमावे, अशी शिकवण हदीसमध्ये (अबू दाऊद) आली आहे. कुटुंबाच्या प्रवासात अमीर साहजिकच वडील असतील. पण उत्तम अमीर कामे वाटून देतो.

या बाबतीत हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) यांचा प्रसंग लक्षात घ्यावा. ते आणि त्यांचे काही समवयस्क तरुण मदीनेत येऊन वीस रात्री राहिले. आदरणीय प्रेषित (स.) यांनी ओळखले की या तरुणांना घरची ओढ लागली आहे. त्यांनी प्रत्येकाची घरी मागे कोण कोण आहे याची चौकशी केली आणि त्यांना परत जाण्यास सांगितले. सोबत जबाबदारीही दिली: घरच्यांना शिकवा, नमाजची वेळ झाली की तुमच्यातील एकाने अजान द्यावी आणि वयाने मोठा असेल त्याने इमामत करावी. तरुणांच्या मनाची विचारपूस आधी, जबाबदारी नंतर, असा हा क्रम आहे.

आपल्या घरातही तसेच करता येईल. एका मुलाकडे नमाजच्या वेळा व किब्ला, दुसऱ्याकडे रोजच्या खर्चाची वही. मुलगा हॉटेलच्या खोलीत अजान देईल, वडील इमामत करतील. एखाद्या वेळी मुलाची तिलावत चांगली असेल तर त्याला पुढे उभे करावे. मुलगी दिवसाचा बेत आखेल आणि त्या दिवशी अम्मी-अब्बा तिच्या मागून चालतील. ज्या मुलाला घरी फज्रसाठी पाच वेळा हाका माराव्या लागतात, तोच सर्वांना उठवण्याची जबाबदारी आली की बहुधा घड्याळ लावून झोपतो.

निवासाची व्यवस्थाही यातच येते. दहा वर्षांच्या वयापासून मुलांची अंथरुणे वेगळी करण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. तेव्हा मोठ्या झालेल्या भाऊ-बहिणीसाठी स्वतंत्र पलंग आणि शक्य असेल तर स्वतंत्र खोली घ्यावी. चार पैसे वाचवण्यासाठी मुलीची लाज खर्ची घालू नये. अम्मी व मुलगी एका खोलीत, अब्बा व मुलगा दुसऱ्या, ही वाटणी त्या कुटुंबाने केली आणि बाप-लेकाला आठ रात्री एका छताखाली बोलायला मिळाल्या.

काही आवश्यक मसाइल

कसर: प्रवासात जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकाअतींऐवजी दोन पढल्या जातात, फज्र आणि मगरिबमध्ये बदल नाही. आपल्याकडील कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत, तर महाराष्ट्राच्या इतर भागांत हनफी अधिक. शाफई मताप्रमाणे पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस वगळून एकाच गावी चार दिवस राहण्याचा इरादा असेल, तर तिथे पोहोचताच नमाज पूर्ण पढावी लागते. हनफी मतात ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे. या कुटुंबाचा मुक्काम ताश्कंदला दोन, समरकंदला तीन आणि बुखाऱ्याला दोन दिवस असा होता. तिन्ही शहरे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर. म्हणून शाफई असूनही त्यांना सर्वत्र कसरची मुभा होती. मुकीम इमामच्या मागे पढताना मात्र पूर्ण नमाज पढावी.

जमा: शाफई मतात प्रवाशाला जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात. हनफी मतात हजचे ठराविक प्रसंग वगळता प्रत्येक नमाज तिच्या वेळेतच पढायची असते. तेव्हा जुहर वेळेच्या शेवटी आणि असर आरंभी पढून सोय साधता येते. रेल्वेची तिकिटे काढतानाच नमाजच्या वेळा समोर ठेवाव्यात. ताश्कंद ते समरकंद वेगवान गाडीने दोन-सव्वादोन तास लागतात, त्यामुळे नमाज चुकण्याचे कारणच उरत नाही.

वेळा: तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे आणि मे महिन्यात दिवस आपल्याहून तासाभराहून अधिक लांब. इशा उशिरा होते, फज्र लवकर. रात्रीची जागरणे टाळली नाहीत तर फज्र जाणार, हे मशवऱ्यातच बोलून ठेवावे. तेथील लोक हनफी असल्याने मशिदीत असरची जमात शाफईंच्या वेळेपेक्षा बरीच उशिरा होते. मुले विचारतील, खरी वेळ कोणती? दोन्ही मतांना आधार आहे आणि उम्मतमध्ये हा विस्तार पहिल्यापासून आहे, हे सांगण्याची यापेक्षा चांगली संधी नाही. प्रत्येक मशिदीत स्त्रियांसाठी जागा असेलच असे नाही. म्हणून मुसल्ला आणि पाण्याची बाटली सोबत असावी.

अन्न: देश मुस्लिमबहुल असला तरी उपाहारगृहांत दारूही मिळते, तेव्हा जागा पाहून बसावे आणि विचारून खावे. तेथील प्रसिद्ध पुलावावर कधी कधी 'काझी' वाढतात. हे नाव ऐकून आपली मुले हसतील, पण ते घोड्याचे मांस असते. शाफई मतात ते हलाल आहे आणि प्रेषितकाळात ते खाल्ले गेल्याचे बुखारीत नमूद आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी ते मकरूह मानले. ज्याला नको असेल त्याने नम्रपणे बाजूला ठेवावे. यजमानाच्या ताटाला नावे ठेवू नयेत.

चूक झाली तर

प्रवास हा यातनेचा एक तुकडा आहे, अशा अर्थाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. झोप, खाणे, पिणे सारे त्यात विस्कळीत होते. दमलेला माणूस लवकर रागावतो आणि परक्या देशात, चारचौघांत मुलाला बोललेला शब्द मूल विसरत नाही.

दर शुक्रवारी आपण सूरह अल-कहफ पढतो. तीत हजरत मूसा (अ.) आपल्या तरुण सहकाऱ्याबरोबर दीर्घ प्रवासाला निघतात. थकून जेवण मागतात, तेव्हा तो तरुण सांगतो की मासा मागे खडकाजवळच राहिला, मी विसरलो. मासा हीच त्यांच्या वाटेची खूण होती. तरीही कुरआनने मूसा (अ.) यांच्या तोंडी रागाचा एकही शब्द दिलेला नाही. आपल्याला हवे होते ते हेच, असे म्हणून दोघे आपल्या पाऊलखुणांवरून मागे फिरले आणि मागे फिरल्यावरच ज्याच्या शोधात होते तो अल्लाहचा बंदा भेटला.

त्या कुटुंबाबरोबरही असेच घडले. समरकंदहून बुखाऱ्याला जाताना मुलगा सर्वांचे चार्जर आणि औषधे असलेली पिशवी हॉटेलातच विसरला. गाडी सुटल्यावर लक्षात आले. वडील मला म्हणाले, "मौलाना, शब्द ओठांवर आले होते. मग ती मासोळी आठवली. मी म्हटले, चल, उतरल्यावर दोघे मिळून औषधाचे दुकान शोधू." बुखाऱ्याच्या गल्ल्यांत दोन तास ते दोघेच फिरले. मुलाने चालता चालता आपल्या प्रवेशाची, भीतीची, मित्रांची सारी कहाणी सांगितली. पिशवी मिळाली नाही, पण मुलगा बोलता झाला.

नजर आणि पेहराव यांबाबतही हाच सौम्यपणा हवा. हज्जतुल विदाच्या वेळी तरुण फज्ल बिन अब्बास (रजि.) प्रेषितांच्या मागे स्वारीवर होते. मसला विचारायला आलेल्या एका स्त्रीकडे ते पाहू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) हाताने त्यांचा चेहरा दुसरीकडे वळवला आणि त्या स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. चारचौघांत अपमान केला नाही आणि दुर्लक्षही केले नाही. परदेशात मुलगा-मुलगी ज्या गोष्टी पाहतील, त्याबाबत आपला हात इतकाच हळुवार आणि इतकाच जागरूक असावा.

एक माता, दोन मुले आणि एक प्रवास

समरकंदपासून सुमारे २५ किलोमीटरवर खरतंग येथे इमाम बुखारी (रह.) यांची कबर आहे. मदरशाच्या शेवटच्या वर्षी त्यांचा हदीससंग्रह आम्ही उस्तादांसमोर बसून पढलो. या भूमीचे नाव तेव्हापासून माझ्या मनात आहे. त्यांचा जन्म हिजरी १९४ मध्ये बुखाऱ्यात झाला. वडील लहानपणीच वारले. चरित्रकार लिहितात की वयाच्या सोळाव्या वर्षी ते माता आणि मोठ्या भावाबरोबर हजला गेले. हज झाल्यावर माता व भाऊ परतले; सोळा वर्षांचा हा मुलगा इल्म मिळवण्यासाठी तिथेच थांबला.

त्या मातेने मुलाला हरमपर्यंत नेले आणि मग त्याच्या मनातील ओढ ओळखून त्याला तिथे सोडून ती हजारो मैल मागे आली. मुलाच्या हृदयात काय आहे, हे तिला ठाऊक असले पाहिजे. आपल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात काय आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का? ते कळावे म्हणून समरकंदला जावेच लागते असे नाही. ज्यांना परदेशी जाणे परवडत नाही, त्यांना दापोलीच्या किनाऱ्यावर किंवा खुल्ताबादच्या डोंगरावर हेच साधेल. दस्तरखान कुठेही अंथरता येतो; फक्त त्यावर मुलांना बोलू दिले पाहिजे.

ते गृहस्थ जूनमध्ये कुवेतला परतले. मुलगा आता त्यांना रोज इशानंतर स्वतःहून फोन करतो, असे त्यांच्या अम्मींकडून कळले.

घरी मशवऱ्यासाठी

१. या सुट्टीत प्रत्येकाला सर्वांत जास्त काय हवे आहे? धाकट्यापासून सुरुवात करावी, वडीलधाऱ्यांनी शेवटी बोलावे.
२. प्रवासात कोणती जबाबदारी कुणाकडे असेल आणि ती चुकली तर आपण काय म्हणणार?
३. मागे राहणाऱ्यांचे आणि देणेकऱ्यांचे कोणते हक्क निघण्यापूर्वी अदा करायचे आहेत?

हे अल्लाह, आमच्या घरांत एकमेकांचे ऐकण्याची वृत्ती निर्माण कर. आमच्या मुलांना आमच्या डोळ्यांची शीतलता बनव आणि आम्हाला त्यांच्या विश्वासास पात्र ठरव. आमचे प्रवास सुखरूप कर आणि ज्यांचे बाप रोजीसाठी दूर आहेत, त्या सर्व घरांचा तू रक्षक हो. आमीन.